चाल मोडली की नंबर गेला

घोड्यांच्या शर्यतीचा एक प्रकार असा आहे की त्यात घोडा चौखूर उधळला तर त्याचा नंबर जातो. हार्नेस रेसिंग म्हणतात. घोड्याच्या पाठीवर कुणी बसत नाही, मागं दोन चाकांची हलकी गाडी असते, सल्की नावाची, तिच्यावर हाकणारा पाय पुढं टाकून बसतो, हातात लांब लगाम, आणि घोड्यानं सगळं अंतर दुडकीत नाहीतर रहवाल चालीत काढायचं. दुडकीत पुढचा उजवा आणि मागचा डावा पाय जोडीनं पडतो, रहवालीत एकाच बाजूचे दोन्ही पाय सोबत पडतात. यातून घोडा भरधाव सुटला म्हणजे चाल मोडली. मग हाकणाऱ्यानं त्याला मोकळ्या बाजूला घ्यायचं, लगाम ओढून परत चालीवर आणायचं, आणि हे करता करता जागा गमवायची. मोडलेल्या चालीत पुढं सरकून कुणी पहिला आला तरी पंच त्याला खाली टाकतात. आणि रेषेवरच चाल मोडलेली असली, अन् मागच्या नीट चालीतल्या घोड्याचं नाक याच्या पुठ्ठ्याशी भिडलेलं असलं, तर नंबर मागच्याचा.

मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडचा माणूस. आमच्याकडं घोडा लग्नात दिसतो, नवरदेवाखाली. आमचं सगळं बैलाचं. पण भाच्यानं मोबाईलवर या शर्यती दाखवल्या आणि मी त्या रात्र-रात्र पाहत बसलो, कारण बाकी काही असो, मागं दोन चाकं, पुढं जनावर, वर एक माणूस आणि खाली एक रेषा, हे चित्र मला लहानपणापासून पाठ आहे. पटाचंच चित्र आहे ते. फक्त एक गोष्ट आमच्या पटात नाही आणि तिकडं आहे, तिच्यासाठीच हे लिहून राहिलो.

ज्यांना पट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शंकरपट म्हणजे विदर्भातली बैलजोडीची शर्यत. पश्चिम महाराष्ट्रात घाटात गाडे धावतात, त्याची रीत वेगळी. आमच्याकडं सरळ आखलेली पट्टी असते, दान म्हणतात तिला, तूर-सोयाबीन निघालेल्या वावरात ढेकळं फोडून, पाणी मारून, रोलर फिरवून तयार केलेली. छकड्याला जोडी जुंपायची, वर एक धुरकरी, झेंडी पडली की सुटायचं. अमरावती जिल्ह्यातलं तळेगाव दशासर या पटासाठी साऱ्या विदर्भात नावाजलेलं, शंभराहून जास्त वर्षांची परंपरा आहे तिथं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीत तर पट आणि रात्रीचं नाटक ही जोडीच आहे, दिवसा लोक पटावर अन् रात्री त्याच गावात मंडपाखाली पहाटेपर्यंत. तिकडं दोन दानी शेजारी आखून दोन जोड्या एकदम सोडतात, आमच्याकडं जास्त करून एकेक जोडी वेळेवर धावते, सेकंदाच्या शंभराव्या हिश्शावर नंबर ठरतो.

आता डावपेचाचं पाहा. हार्नेसच्या शर्यतीत डाव शर्यत सुरू झाल्यावर खेळला जातो. अमेरिकेत अंतर बहुतेक एक मैल, आणि कितीतरी ट्रॅक अर्ध्या मैलाचे, म्हणजे दोन फेऱ्या, चार वळणं. पुढचा घोडा वारा अंगावर घेतो. त्याच्या मागं आतल्या कठड्याला चिकटून जो बसला त्याला वारा लागत नाही, त्याचा दम वाचतो, पण पुढचा थकून बाजूला झाला नाही तर तो तिथंच कोंडला जातो. जो बाहेरून समांतर चालतो त्याला वाट मोकळी, पण प्रत्येक वळणावर त्याला जास्त अंतर पडतं आणि वाराही त्याच्याच तोंडावर. पुढं असलेला हुशार हाकणारा दुसऱ्या पाव मैलात हळूच वेग उतरवतो, घोड्याला श्वास घेऊ देतो, मागच्यांना पटकन कळतही नाही, आणि कळून कुणी बाहेर निघेपर्यंत याचा घोडा ताजातवाना झालेला असतो. म्हणजे जिंकायचं तर जनावराचा दम कुठं खर्च करायचा आणि कुठं राखायचा याचा हिशोब हातात पाहिजे. पूर्ण वेळ ओढून हाकणारा तिथं शेवटच्या पाव मैलात उघडा पडतो.

पटात तेवढा वेळच नाही. काही सेकंदांत सगळं आटोपतं. म्हणून आमचा डाव दानीवर यायच्या आधीचा. जोडी लावणं हा पहिला डाव. एक बैल तापट आणि एक थंड असला तर छकडा तिरपा जातो, तापट बैल जू ओढून पुढं काढतो आणि थंड्याच्या खांद्यावर सगळा भार येतो. कोणता बैल उजवीकडं, कोणता डावीकडं, हे एकदा बसलं की जाणता कास्तकार ते बदलत नाही. माझे मामा जोडी लावायच्या आधी दोन्ही बैल आठ-पंधरा दिवस नुसते एका गोठ्यात बांधायचे, एकाच गव्हाणीवर खाऊ घालायचे, मग साध्या बंडीला जुंपायचे, मग रिकाम्या छकड्याला, आणि तेव्हाही पळवायचे नाहीत, नुसतं चालवायचे. "आंधी एका पायानं चालू दे त्याईले, मंग पयतीनच," असं म्हणायचे. दुसरा डाव सुटण्याचा. रेषेवर जोडी स्थिर उभी राहून झेंडीसोबत सुटली तर निम्मी वेळ तिथंच वाचते.

आणि खरी गडबडही त्या रेषेवरच आहे. चार-चार पोरं बैलांच्या येसनी धरून लोंबकळतात, मागून कुणी शेपूट पिरगाळतो, बैल डोळे पांढरे करतो, नाकातून फेस येतो, आणि झेंडीवाला अजून समोरची वाट मोकळी व्हायची वाट पाहत असतो कारण कुणाचं तरी पोरगं दानीवरून आडवं पळालेलं असतं. बैलाची अर्धी ताकद सुटायच्या आधीच भीतीत जाते. अमेरिकेतही हा त्रास होता म्हणे, घोडे रेषेवर जमवता जमवता पुन्हा पुन्हा परत फिरवावे लागायचे, घोडे अन् माणसं दोन्ही पिसाळायची. मग १९४६ साली न्यूयॉर्कच्या रूझवेल्ट रेसवेवर मोटारीला दोन्ही बाजूंनी पंखासारखे लांब दांडे लावून चालतं गेट आणलं. मोटार पुढं, घोडे तिच्या मागं एका ओळीत चालीवर येतात, वेग वाढत जातो, रेषेवर मोटार पंख मिटून निघून जाते. कुणी कुणाला मागून ढोसायची गरजच राहिली नाही. आमच्या दानीवर मोटार आणा असं मी म्हणत नाही. पण सुटण्याच्या जागी कठडा, आत फक्त दोन माणसं, आणि वाट मोकळी झाल्याशिवाय जोडी रेषेवर घ्यायचीच नाही, एवढं तर बांबू आणि दोरीत होतं.

बैलाच्या शेपटीवरून कधी हात फिरवून पाहा. पटात जुन्या झालेल्या बैलाच्या. वरून केस असतात म्हणून दिसत नाही, पण बोटांना गाठी लागतात, एकीखाली एक, जिथं मणका पिरगाळून सरकला आणि तसाच जुळला. एका पांढऱ्या खिल्लाराची शेपूट मी अशी हातात घेतली होती, सुंदर बैल, डौलदार शिंगं, अंगावर मखमली झूल, मालक फोटो काढू देत होता. माझा हात शेपटीला लागला तसं त्यानं मागचं सगळं अंग आवळून घेतलं. लाथ मारली नाही, हलला नाही, फक्त आवळला. त्याला ठाऊक होतं शेपटीला हात लागल्यावर काय होत असते.

तुतारी तर बोलायलाच नको. ज्या भागात तुतारी म्हणजे वाजवायचं वाद्य आहे त्यांना सांगतो, आमच्याकडं तुतारी म्हणजे बैल हाकायची काठी, टोकाला आर, म्हणजे अणकुचीदार खिळा, बसवलेली. नांगराच्या वेळी बहुतेक कास्तकार ती नुसती दाखवतो, टोचत नाही. दानीच्या शेवटच्या टप्प्यात ती टोचली जाते, कारण तिथं सेकंदाचा शंभरावा हिस्सा विकत मिळतो. टोचणारा हा वाईट माणूस असतो असंही नाही. घरी तोच बैलाला स्वतःच्या आधी पाणी पाजतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-लोणी लावून त्याचे खांदे शेकतो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणून कानात सांगतो, ते मनापासून सांगतो. पण रेषा समोर दिसली की बक्षीस, गावाची इज्जत, मागून ओरडणारे हजार लोक, हे सगळं त्या हातात उतरते.

कायद्याची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे तरी एकदा ओळीनं सांगतो. २०११ मध्ये केंद्रानं बैलाला खेळ-प्रदर्शनाला मनाई असलेल्या जनावरांच्या यादीत घातलं. ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टानं जल्लीकट्टूसोबत बैलांच्या शर्यतीही बंद केल्या, त्या निकालात एक मुद्दा असा होता की घोड्यासारखी पळण्यासाठी बैलाची शरीररचनाच नाही. २०१७ मध्ये महाराष्ट्रानं कायद्यात दुरुस्ती केली, ती हायकोर्टात अडकली, १६ डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टानं शर्यतीला परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं राज्याचे कायदे कायम ठेवले. मधल्या वर्षांत आमच्याकडच्या दानी ओस पडल्या, पटाच्या बैलाला गिऱ्हाईक राहिलं नाही, गोऱ्हे तयार करणारी जुनी माणसं तशीच गेली. परत सुरू झालं तेव्हा गावात फटाके फुटले. मीही खूश झालो होतो आणि आजही मला पट बंद व्हावा असं वाटत नाही. पण २०१४ चा तो शरीररचनेचा मुद्दा मी कधी हसण्यावारी नेऊ शकलो नाही. बैल रवंथ करणारं जनावर आहे, फाटक्या खुराचं, अंग जड, ओढायला केलेलं. त्याला काही सेकंद जीव तोडून पळवायचं असेल तर त्याच्या बाजूनं उभा राहणारा नियम तेवढाच पक्का पाहिजे.

नियम कागदावर आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाचा दाखला, काठी-चाबूक-आर नाही, विजेचा झटका नाही, शर्यतीचं चित्रीकरण. मोडला तर मोठा दंड, तुरुंगसुद्धा. आणि तरीही तुतारी बाहीतून निघते. काहून? माझं उत्तर असं आहे की हे सगळे दंड शर्यतीच्या बाहेरचे आहेत. ते पोलिसाच्या हातात, कोर्टाच्या हातात, पुढल्या वर्षीच्या परवानगीत. दानीवर त्या घडीला टोचणाऱ्याचं काहीच जात नाही, उलट नंबर येतो. गुन्हा दाखल करायला आपलेच लोक आपल्याच माणसाविरुद्ध जाणार नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक, टोचणाऱ्यालाही ठाऊक.

हार्नेसचा तो चालीचा नियम इथंच वेगळा आहे. शिक्षा निकालातच बसवलेली आहे. घोड्याला मारून-झोडून जास्त ओढलं तर तो घाबरून उधळतो, उधळला की चाल मोडते, चाल मोडली की नंबर गेला, आणि बक्षीसही गेलं. पुन्हा पुन्हा चाल मोडणाऱ्या घोड्याला परत पात्रता फेरी पळून दाखवावी लागते, तोपर्यंत मुख्य शर्यतीत नाव नाही. म्हणून तिथं हाकणाऱ्याला जनावराची दया येवो की न येवो, त्याला घोड्याच्या डोक्यात शांतता ठेवावीच लागते, त्याचं पोटच त्यावर आहे. पैदासही त्याच अंगानं झाली. १८७९ मध्ये अमेरिकेत ठरलं की मैलभर अडीच मिनिटांत काढेल तो या जातीचा, त्यातून स्टँडर्डब्रेड नाव पडलं. २०२२ मध्ये बुलडॉग हॅनोव्हर नावाच्या रहवाल चालीच्या घोड्यानं तोच मैल १ मिनिट ४५.८ सेकंदांत काढला. स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये या घोड्यांच्या चालीमागचा एक जनुकीय बदलही शोधला, ज्यामुळं घोडा वेगात असूनही उधळत नाही. पिढ्यानपिढ्या लोकांनी चाल न मोडणारा घोडा निवडला, त्याचं हे फळ.

आमच्या आर्वी-आष्टीकडची गवळाऊ जातही अशीच, हलक्या अंगाची, लांब दुडकीची. मराठ्यांच्या काळात डोंगराळ मुलखातून सामान लवकर पोचवायला ही बैलं वापरत असं जातीच्या वर्णनात सापडतं. आज पटासाठी लोक लाखो रुपये मोजून खिल्लार आणतात आणि गवळाऊ गोऱ्हा बाजारात मातीमोल जातो. माझा यावर जीव जळतो, पण तो विषय वेगळा, त्यावर पुन्हा कधी.

तिकडचं सगळं सोन्याचं आहे असं समजू नका. २०२० च्या मार्चमध्ये अमेरिकेत दोन डझनांहून जास्त ट्रेनर, पशुवैद्यक आणि औषधवाल्यांवर घोड्यांना उत्तेजक दिल्याचे खटले भरले गेले, त्यात हार्नेसवाले कितीतरी. आधीची एक युक्ती तर आपल्या सैपाकघरातली आहे. खायचा सोडा पाण्यात कालवून नाकातून नळीनं घोड्याच्या पोटात सोडायचा, म्हणजे पळताना स्नायूंत साचणारं आम्ल मारलं जातं आणि घोडा उशिरा थकतो. ते पकडायला शर्यतीआधी रक्तातला एकूण कार्बन डायऑक्साइड मोजतात, अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी लिटरला ३७ मिलिमोल ही हद्द आहे, त्यावर गेला की घोडा बाद. निवृत्त घोड्यांचं नशीबही सारखं नाही, बरेच पेनसिल्व्हेनिया-ओहायोच्या आमिश शेतकऱ्यांच्या, म्हणजे धर्मामुळं मोटार न बाळगणाऱ्या लोकांच्या, बग्गीला लागतात, काही लिलावातून कत्तलखान्याकडं जातात. आमच्याकडं पटाआधी बैलाला दारू पाजली, सुई टोचली, अशा गोष्टी दर सीझनला कानावर येतात आणि रक्त कुणी घेत नाही. दाखला देणारा डॉक्टर बैल उभा पाहतो. उभ्या बैलात काय कळणार? घोड्याचा डॉक्टर आधी घोडा दुडकीत चालवून पाहतो, कारण दुडकीत पाय सारखे पडतात, पुढचा दुखरा पाय जमिनीवर आला की मान वर झटकते, तिथंच लंगडणं सापडतं. बैलही दानीच्या कडेनं पन्नास पावलं कडक जमिनीवर चालवून पाहिला तर निम्मे दुखरे खूर तिथंच दिसतील, त्याला मशीन लागत नाही.

चाबकाचंही तसंच. नॉर्वेत हार्नेस रेसिंगमध्ये चाबूक वापरायची बंदीच आहे, कितीतरी वर्षांपासून, आणि तिथल्या शर्यती बंद पडल्या नाहीत, घोडे पळतातच. कॅनडाच्या ओंटारियोत दोन्ही हातांत एकेक लगाम धरूनच हाकायचा नियम आहे, म्हणजे हात मोकळा करून झोडपायची सोयच काढून घेतली. आपल्या पटातही धुरकऱ्याच्या दोन्ही हातांत कासरा दिसलाच पाहिजे, एक हात कासऱ्यावरून सुटून मागं गेला की झेंडी लाल, वेळ शून्य, असं का नाही करता येत?

हेच मी आमच्या गावच्या पट मंडळात मांडलं. तुतारी, शेपूट, रेषेआधी मारझोड, यातलं काहीही कॅमेऱ्यात दिसलं तर पोलिसात जाऊ नका, दंड घेऊ नका, फक्त त्या जोडीची वेळ फळ्यावर लिहू नका. बक्षीस पुढच्या जोडीला. पंच बाहेरगावचे आणा, ज्यांची सोयरीक इथं नाही. मीटिंगमध्ये पहिल्यांदा सगळे गप्प राहिले, मग एक तरणा जोडीवाला म्हणाला, "भाऊ, मंग आमच्या जोड्या कोन आनीन तुमच्या पटात? बाजूच्या गावात जातीन समद्या." हे खरं आहे. एका गावानं नियम लावला आणि शेजारच्यानं नाही तर जोड्या शेजारी जाणार, त्यामुळं तालुक्यातल्या सगळ्या मंडळांनी एकदम लावायला पाहिजे. कोपऱ्यात बसलेले एक आबाजी, ज्यांच्या जोडीनं बंदीआधीचे कितीतरी पट मारले, ते म्हणाले, "माह्या बैलाले म्या कधी आर लावली नायी. लावनाऱ्याचा नंबर येऊन राहिला म्हनून समदे लावून राहिले. फळ्यावरून पुसा, दोन वर्सांत सुटते." बाजूच्या दोन-तीन मंडळांशी बोलायचं काम माझ्याकडं आलं आहे, त्यातल्या एकानं हो म्हटलं आहे, एकानं खर्च विचारला. दानीच्या शेवटच्या टप्प्यावर दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा आणि एक पडदा, जिथं पंचासोबत जोडीवालाही आपली धाव परत पाहू शकेल, एवढाच खर्च आहे, पेंडॉलच्या लायटिंगपेक्षा कमी. तिसऱ्या मंडळाची बैठक पोळ्यानंतर आहे.